डोनेपेझिल चालू असताना खुब्याचं ऑपरेशन: गोळी थांबवायची का?

माजिवडेकर
वडील 77. विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल 10 मि.ग्रॅ. रात्री, शिवाय मेटोप्रोलॉल. खुब्याचा बॉल बदलायचाय, मंगळवारी, घोडबंदर रोडला. न्यूरोची फाइल नौपाड्यात. गोळी आदल्या दिवशी बंद करायची का? ऑपरेशननंतर म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात, ते या गोळीने टळतं का?

पारसिक
आदल्या दिवशी थांबवून काही साधत नाही. अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 70 तास, म्हणजे अंगातून जायला दोन आठवडे. एवढा खंड पडला तर स्मरण घसरतं, आणि घसरलेलं सगळं परत येतंच असं नाही. म्हणून सहसा चालूच ठेवतात. निर्णय भूलतज्ज्ञांचा, पीएसीला (भुलीआधीच्या तपासणीला) गोळ्यांच्या पट्ट्या घेऊनच जा. दोन दवाखाने, दोन फायली, त्यात हीच गोळी लिहायची राहते.

ही गोळी अ‍ॅसिटिलकोलिन (नसांचे निरोप पोचवणारं रसायन) मोडणारं एन्झाइम अडवते. पूर्ण भूल दिली तर स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलिनचा परिणाम लांबू शकतो. स्नायू सैल करणारीच दुसरी औषधं, रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, उलट कमी लागू पडतात. ते उतरवायला निओस्टिग्मिन देतात, तेही याच जातीचं, नाडी आणखी मंदावणारं. मेटोप्रोलॉल आधीच नाडी खाली खेचतंय, तेव्हा ताजा ईसीजी हवाच. स्पायनलमध्ये (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) स्नायूंची भानगड सहसा नसते, नाडीची राहते.

कळवा खाडी
भ्रमाबद्दल: नाही टळत. 2005 च्या एका अभ्यासात गुडघा-खुबा बदलणाऱ्या 80 जणांत डोनेपेझिल 14 दिवस आधी आणि 14 दिवस नंतर देऊन पाहिलं, फरक पडला नाही. रिव्हास्टिग्मिन या त्याच जातीच्या औषधाची डच चाचणी (लॅन्सेट, 2010) तर 104 रुग्णांवर थांबवावी लागली: औषध घेणाऱ्या 54 पैकी 12 दगावले, न घेणाऱ्या 50 पैकी 4. ते आयसीयूतले, आधीच भ्रम झालेले रुग्ण होते; त्यावरून वडिलांची चालू गोळी घातक ठरत नाही. भ्रमासाठी म्हणून नवी सुरू करायची नाही, इतकंच.

त्यापेक्षा चष्मा आणि कानाचं मशीन शुद्धीवर येताच लावा, दुखणं अंगावर काढू नका, रात्री झोपू द्या. खाज किंवा उलटीसाठी वॉर्डात एव्हिल, फेनरगन सर्रास देतात. दोन्ही मेंदूत शिरून अ‍ॅसिटिलकोलिनच्या विरुद्ध काम करतात. नको म्हणून केसपेपरवर आधीच लिहून घ्या. नाडीसाठी औषध लागलंच, तर ग्लायकोपायरोलेट मेंदूत जवळजवळ जात नाही, अ‍ॅट्रोपिन जातं.

माजिवडेकर
पट्टीवर नावापुढे ‘एम’ आहे.

पारसिक
मग बहुधा मेमँटिन हे विसरभोळेपणाचं दुसरं औषधही आहे, मागचा मजकूर वाचा. भुलीचं औषध केटामाइन मेंदूतल्या त्याच रिसेप्टरवर (औषध जिथे चिकटतं ती जागा) काम करतं, म्हणून हेही भूलतज्ज्ञांना सांगा.