‘कारखानदारानं कारखाना बघावा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उद्यमनगरकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘कारखानदारानं कारखाना बघावा. चंद्रकांत जाधव दोन वर्षं कोल्हापूर उत्तरचे आमदार होते, काय केलं?’ वाचून झोप उडाली. जाधव अण्णा २४ ऑक्टोबर २०१९ ला दोन वेळच्या आमदाराला, राजेश क्षीरसागरांना पाडून निवडून आले. पहिला महिना राज्यात सरकारच नव्हतं. मार्च २०२० ला लॉकडाऊन. जुलै २०२१ ला पंचगंगेचा पूर शहरात. २ डिसेंबर २०२१ ला अण्णा गेले. हिशेब मागा, पण दिवस मोजून मागा. माझं लेथचं छोटं शॉप आहे. विजेचं बिल हातात आलं की पगार आधी करायचा का बिल भरायचं, हे ज्यानं कारखाना चालवलाय त्याला सांगावं लागत नाही.

शिवाजीपेठकर: पोस्ट माझीच. मागं घेणार नाही. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी जयश्री जाधव, आधी भाजपच्या नगरसेविका, मग अण्णा काँग्रेसचे आमदार, २०२२ च्या पोटनिवडणुकीत वहिनी काँग्रेसकडून आमदार, २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेत. मत देणाऱ्यानं काय समजायचं?

तालमीचा पोरगा: २०२४ चं अण्णांच्या नावावर कशाला घालतोस भावा? माणूस जाऊन तीन वर्षं होत आली होती. फुटबॉल खेळलेला माणूस विधानसभेत गेला, याचं आम्हा पोरांना लई अप्रूप होतं.

शिवाजीपेठकर: अप्रूपानं शहर वाढत नाही. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शेजारची गावं शहरात घ्यायच्या हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय. उद्योजक आमदारानं तरी ते तडीस न्यायला नको होतं?

उचगावकर: आली हद्दवाढ! आमच्या शेताला घरफाळा लावून तुमचं शहर मोठं करायचं?

शिवाजीपेठकर: रोज शहरात येता, रस्ते आमचे वापरता, कराचं नाव काढलं की गाव आठवतं.

उचगावकर: तोंड सांभाळून बोला. २०१९ च्या पुरात शहराचे पंप बुडाले, नळ कोरडे पडले. माझी बहीण पेठेतच राहते. आमच्या विहिरीवरनं कॅन भरून मी सात दिवस मोटरसायकलवर तिच्या गल्लीत पाणी पोचवलं. शेजारच्या म्हाताऱ्या तांब्या घेऊन दारात उभ्या असायच्या. तवा कुणी हद्द विचारली नाही.

उद्यमनगरकर: अहो, विषय अण्णांचा चाललाय. आणि हद्दवाढ एका आमदाराच्या हातात नसते, करवीर आणि कोल्हापूर दक्षिणचे आमदारही लागतात. गावं त्यांच्याकडं आहेत.

शिवाजीपेठकर: उचगावकर दादा, पाण्याचं ऐकून गप्प झालो. आमच्या गल्लीतही तसंच कुणीतरी आलं होतं. आणि उद्यमनगरकर, दिवसांचा हिशेब बरोबर आहे. लॉकडाऊनआधी जेमतेम पाच महिने मिळाले. ‘काय केलं’ हे वाक्य काढतो. पक्षांचं मात्र ठेवणार.

उचगावकर: आणि हद्दवाढीचं?

शिवाजीपेठकर: ते तर ठेवणारच.