लवासाचे अजित गुलाबचंद: नगर वसवणारा माणूस की भूखंड विकणारा? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा; लिहिणाऱ्याचं नाव मजकुराच्या वर)

आराखडा

पुण्याजवळच्या डोंगरात उभारलेल्या लवासा या खासगी नगराचं दिवाळं निघालं म्हणून अजित गुलाबचंदांना नुसतं 'बिल्डर' म्हणून निकालात काढायची घाई चालली आहे, ती मला पटत नाही. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबई उभी राहिली. त्यानंतर राज्यात कोऱ्या जमिनीवर अख्खं शहर उभारायचा घाट किती जणांनी घातला? वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनच्या या प्रमुखानं घातला. वांद्रे-वरळी सागरी सेतू याच कंपनीचा, म्हणजे बांधकाम येत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

धोरण त्यांनी पैदा केलेलं नाही. खासगी गुंतवणुकीतून थंड हवेची ठिकाणं वसवायचे नियम राज्य सरकारनं १९९६ मध्ये आणले आणि २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्यातली गावं त्याखाली अधिसूचित केली. गुलाबचंदांनी एचओकेसारख्या जागतिक वास्तुरचना संस्थेकडून आराखडा करून घेतला. लवासातल्या दासवे गावात रस्ते, पाणी शुद्धीकरण, सांडपाण्यावर प्रक्रिया अशी पायाभूत कामं झाली. पुण्याच्या वेशीवरच्या गावांत टँकर आणि सेप्टिक टँकवर इमारती उठतात, त्यांच्याशी तुलना करून बघा. मग २५ नोव्हेंबर २०१० ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, काम थांबलं आणि प्रकल्पाचा कणा मोडला. शहर अर्धवट राहिलं याचा दोष एकट्या माणसाच्या माथी मारू नका.

सातबारा

कणा जमिनीचा असतो आणि तो आधीपासूनच वाकडा होता. तीन प्रकारची जमीन तिथे एकत्र आली. एक, शेतकऱ्यांकडून खरेदी केलेली. दोन, सिलिंगमध्ये (कमाल जमीनधारणा कायद्याखाली) वाटप झालेली, जिच्या हस्तांतरावर बंधनं असतात. तीन, कृष्णा खोरे महामंडळानं २००२ मध्ये ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली १४१.१५ हेक्टर. ही तिसरी धरणासाठी संपादन झालेल्या जमिनीपैकी. गावकऱ्यानं धरणासाठी म्हणून सोडलेली जमीन निविदा न काढता पर्यटन नगरीला कशी गेली, हा प्रश्न लेखापरीक्षणातही आला आणि न्यायालयातही.

शिवाय शेतकरी नसलेल्या कंपनीला शेतजमीन घेता यावी यासाठीची कूळकायद्यातली दुरुस्ती २००५ ची, तीही पूर्वलक्षी प्रभावानं. मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले, पण याचिका फार उशिरा आली म्हणून प्रकल्प मोडायला नकार दिला. त्याला कोणी 'निर्दोष सुटका' म्हणू नये. उशीर याचिकाकर्त्याचा झाला, त्यानं व्यवहार शुद्ध ठरत नाही.

पुण्यातल्या मगरपट्टा नगराचं उदाहरण यासाठीच देतात. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भाग घेतले. वाद घालायला तिथेही जागा आहे, पण सातबाऱ्यावरचा माणूस भागधारक झाला. लवासा जिथे आहे त्या मोसे खोऱ्यातला झाला का?

आराखडा

सातबारा, मगरपट्टा हडपसरला खेटून आहे. बाजूला सोलापूर रस्ता, दाराशी आयटीच्या नोकऱ्या. चांदणी चौकातून पिरंगुट, टेमघरचा घाट चढून उतरलात की लवासा. तिथे शेतकऱ्याला भाग दिले असते तर आज त्याच्याही हातात कागदच उरला असता. आणि पर्यावरणाचं म्हणाल, तर राज्याच्या पर्यावरण विभागानं मार्च २००४ मध्ये मंजुरी दिलेली होती. राज्याच्या सही-शिक्क्यावर विसंबून काम करणाऱ्यानं अजून काय करायचं होतं?

खोरं

केंद्राची अधिसूचना वाचायची होती. जुलै २००४ मध्ये १९९४ च्या पर्यावरण अधिसूचनेत बदल झाला आणि मोठे बांधकाम प्रकल्प केंद्राच्या मंजुरीखाली आले. ज्यांचं काम जोत्यापर्यंत आलं नव्हतं त्यांनाही ते लागू होतं. २००६ च्या नव्या अधिसूचनेत तर ५० हेक्टरच्या वरच्या नगरवसाहतींचा स्पष्ट उल्लेख आहे. हजारो एकरांचा प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्या विधी विभागाला हे २०१० पर्यंत कळलं नाही? पुढे ९ नोव्हेंबर २०११ ला पहिल्या टप्प्याच्या २,००० हेक्टरला सशर्त मंजुरी मिळालीच. म्हणजे मंजुरी मिळण्यासारखी होती, फक्त आधी मागितली नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण लवासाच्या जाहिरातीतलं 'तळं' हा सगळ्यात कमी समजला गेलेला भाग आहे. ते तळं म्हणजे मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाचा फुगवटा, धरणामागे पसरलेलं पाणी. खडकवासला साखळीत वरसगाव सगळ्यात मोठं, १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट). पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला स्वतः जेमतेम १.९७. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या साखळीवर पुण्याचं पिणं आणि दौंड-इंदापूरपर्यंतचं कालव्याचं सिंचन चालतं.

धरण पावसाळ्यात भरतं आणि पुढचे आठ महिने खाली सोडून रिकामं करायचं असतं. फुगवट्याचं टोक सगळ्यात आधी उघडं पडतं, कारण तिथे खोली कमी. दासवे त्याच टोकाला. फेब्रुवारी-मार्चनंतर इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारतींसमोर भेगाळलेला गाळ दिसला असता. म्हणून बंधारा घालून तिथलं पाणी अडवलं. बारमाही तळं ही निसर्गाची देणगी नाही, ती विक्रीसाठी लागणारी वस्तू होती.

आराखडा

बंधारा पावसाळ्यात भरतो हो. ज्या वर्षी साखळी तुडुंब असते त्या वर्षी खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडून द्यावंच लागतं, भिडे पूल पाण्याखाली जातो. तेव्हा वर थोडं अडलं म्हणून पुण्याच्या नळाला काय फरक पडला? राहणारे जे वापरतात त्यातलं बरंचसं प्रक्रिया होऊन बागांना जातं.

खोरं

तुडुंब वर्षाचा हिशेब सोपाच असतो. २०१५ चा करा. त्या वर्षी साखळी भरली नाही आणि पुण्यानं २०१६ च्या पावसाळ्यापर्यंत दिवसाआड पाणी सोसलं. न सांडणाऱ्या वर्षी वरच्या बंधाऱ्यात अडलेला प्रत्येक लिटर खालच्या धरणातून वजा होतो. त्यावर बाष्पीभवन वेगळं, कारण उथळ पाण्याचा पृष्ठभाग त्याच्या साठ्याच्या मानानं मोठा असतो. प्रश्न आकड्याच्या आकाराचाही नाही. तुटीच्या वर्षी बंधाऱ्याची दारं कोणी आणि कोणत्या तारखेला उघडायची, हा अधिकार पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकात पक्का लिहिलेला हवा. तळ्याकाठचा बंगला विकणाऱ्याच्या हातात ती दारं असू नयेत, एवढं साधं आहे.

ताळेबंद

काम बंद पडलं म्हणून कंपनी बुडाली, हे अर्धंच खरं. अशा प्रकल्पात पैसा असा फिरतो: कर्ज काढून रस्ते आणि पाणी, त्यावर भूखंड आणि बंगल्यांची आगाऊ विक्री, त्या पैशातून पुढच्या गावाचं काम. २०१० च्या सप्टेंबरात २,००० कोटींच्या समभाग विक्रीचा मसुदा सेबीकडे गेला होता. दोन महिन्यांत नोटीस आली आणि ती विक्री बारगळली. भांडवलाऐवजी कर्जावर गाडा ओढायची वेळ आली, वर्षभर विक्री ठप्प आणि व्याज मात्र चालूच. इथवर आराखडांशी मी सहमत.

पण नोव्हेंबर २०११ नंतर मंजुरी हातात होती. २०१४ मध्ये ७५० कोटींचा दुसरा मसुदा आला, तोही तडीस गेला नाही. का? कारण घरं घेणारे बहुतेक गुंतवणूकदार होते, राहणारे नव्हते. हॉटेल व्यवस्थापनाचं महाविद्यालय आणि नंतर ख्राइस्ट विद्यापीठाचं संकुल सोडलं, तर महिन्याचा पगार देणारं तिथे होतं काय? याच घराण्याचं वालचंदनगर बघा. कळंबच्या माळावर आधी उसाची शेती आणि साखर कारखाना, मग कामगारांची वसाहत, शाळा, दवाखाना. लवासात उलटं झालं, आधी घरं आणि पोटापाण्याचं नंतर बघू. ऑगस्ट २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये लवासा घ्यायला आलेल्या डार्विन प्लॅटफॉर्म या कंपनीची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली, ती देखील आठ वर्षांत हप्त्याहप्त्यानं द्यायची. पैसे आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये मंजुरी रद्द झाली. हप्त्यावर शहर विकत घ्यायला निघालेल्याकडून दुसरं काय होणार!

उतारमाथा

पैशापलीकडचं एक. सह्याद्रीचा डोंगर एकसंध दगड नाही. कठीण बेसॉल्टचे थर, मध्ये लाल मातीचे पातळ पट्टे, वर मुरूम. रस्त्यासाठी पायथा कापला की वरच्या थराचा टेकू जातो. पाणी लाल पट्ट्यापर्यंत मुरतं, पुढे उतरू शकत नाही, मग आडवं सरकून कापलेल्या तोंडातून बाहेर पडायला बघतं. त्यासाठी कापाच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर, भिंतीत दर काही फुटांवर पाणी झिरपायची भोकं, मागे दगडाचा भराव आणि जाळीतल्या दगडांची भिंत एवढं लागतं. हे बांधून भागत नाही. दर मे महिन्यात चर साफ करावे लागतात, भोकं मोकळी करावी लागतात. भोकं बुजली की तीच भिंत मागच्या पाण्याला अडवून धरते, तिच्यावरचा दाब वाढत जातो आणि ती पोट काढते.

२५ जुलै २०२४ ला लवासात २४ तासांत ४०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि बंगल्यांवर दरड आली. एवढ्या पावसात न कापलेला डोंगरही सुटू शकतो, त्यामुळे त्या दरडीचं खापर थेट कोणावर फोडत नाही. पण दिवाळखोरीत सहा वर्षं काढलेल्या नगरात चर साफ करायचं बिल कोण मंजूर करतं? २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण केलं. म्हणजे बांधणारा तोच आणि बांधकामाला परवाना देणाराही तोच. २०१७ मध्ये ते अधिकार पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) गेले, नगरपालिका मात्र आजही नाही. दासवे-मुगावच्या ग्रामपंचायतींनी डोंगरातल्या भिंती सांभाळायच्या का?

आराखडा

कंपनीला प्राधिकरण करणं चूक, मान्य. पण तो निर्णय मंत्रालयातला. सिडकोही स्वतः जमीनमालक, स्वतः विकासक आणि स्वतःच नियोजन प्राधिकरण होती, तिला कोणी वेगळा न्याय लावत नाही. फरक एवढाच की सिडको बुडू शकत नव्हती, मागे सरकार होतं.

पट्टेदार

आराखडा, नेमकं तेच तर! सिडकोच्या मागे सरकार होतं आणि पुढे १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका आली. इथे खरेदीदाराच्या मागे कोण आहे, ते त्याच्या कागदावर बघा. लवासात बरीच घरं विक्री करारानं नाही, ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. वार्षिक भाडं एक रुपया, पण किमतीचा मोठा हिस्सा आधीच भरायचा. ताबा रखडल्यावर खरेदीदार रेराकडे (गृहप्रकल्पांच्या नियामकाकडे) गेले, तेव्हा कंपनीचा बचाव काय, तर ही विक्री नाही, भाडेपट्टा आहे, रेरा लागू होत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो फेटाळला. त्याच महिन्याच्या अखेरीस दिवाळखोरी लागली, वसुलीला स्थगिती आली आणि जिंकलेल्यांचे पैसे अडकले. नगर वसवणाऱ्याबद्दल आदर ठेवायचा तर ठेवा, पण नागरिकाला 'तुम्ही भाडेकरू' म्हणणारा वसवणारा माझ्या यादीत वर नसेल.

आता कोणी स्वस्तात मिळतंय म्हणून फेरविक्रीचा बंगला बघत असेल तर: सर्व्हे नंबर त्या २,००० हेक्टरच्या मंजुरीत आहे का, भोगवटा प्रमाणपत्रावर २०१७ आधीची सही आहे की पीएमआरडीएची, मूळ पट्टेदारानं दिवाळखोरीत 'फॉर्म सीए' (घरखरेदीदारांचा दाव्याचा अर्ज) भरून दावा लावलाय का आणि तो मान्य झालाय का, आणि देखभाल शुल्काची थकबाकी किती. या चार कागदांआधी टोकन देऊ नका.

सातबारा

पाचवा कागद घाला. खालची जमीन खरेदीची आहे की महामंडळाच्या १४१.१५ हेक्टरमधली, ते फेरफारावरून तपासा. ३० वर्षांचा पट्टा २००२ चा, म्हणजे २०३२ ला मुदत. स्वतःकडे ३० वर्षं असलेल्याला दुसऱ्याला ९९९ वर्षं देता येत नाहीत. नव्या बोलीदारानं या तुकड्याची किंमत काय धरली आहे, हे योजनेत आधी वाचा.