साहसपटातील नायिका खरोखर स्वावलंबी आहे, हे कशावरून ओळखावे?

येऊरवाट (ठाणे) :
वर्तकनगरमधील आमच्या गृहसंकुलात महिन्यातून एकदा पडदा लावून चित्रपट दाखवला जातो. पुढच्या वेळी ‘कणखर नायिका असलेला साहसपट’ दाखवायचा असे ठरले आणि तिथेच वादाला तोंड फुटले. समितीतील काहींच्या मते जी पाच-पंचवीस गुंडांना लोळवते ती कणखर. मला हे पटत नाही, कारण मागील खेपेस दाखवलेल्या चित्रपटातली नायिका दोन तास भिंती चढत आणि मोटारसायकल उडवत होती, आणि शेवटची वीस मिनिटे मात्र खांबाला बांधलेल्या अवस्थेत नायकाची वाट पाहत होती. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने लिफ्टमध्ये विचारले, “हिला एवढं सगळं येत होतं, मग एक गाठ कशी सुटली नाही?” मला उत्तर सुचले नाही. मारामारी बाजूला ठेवली तर कणखरपणाची कसोटी कोणती असावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनीरिळे (नौपाडा) :
आपण ‘फियरलेस नादिया’पासून सुरुवात करावी, असे सुचवतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९०८ साली जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजेच ही नादिया, लहानपणीच मुंबईत आली आणि सर्कशीत काम करून पुढे वाडिया मूव्हीटोन या चित्रपटसंस्थेत दाखल झाली. होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हंटरवाली’त (१९३५) ती दुष्ट वजिराविरुद्ध मुखवटा चढवून उभी राहणारी राजकन्या होती, तर पुढच्याच वर्षीच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तिने धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी केली. ही साहसदृश्ये ती स्वतः करत असे. तरीही मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये वडिलांवर आलेला खुनाचा आळ दूर करण्याचे काम मुलगीच अंगावर घेते. म्हणजे कथा तिच्या हेतूवर चालते, आणि गाडीचा टप हे त्या वाटेवरचे एक ठिकाण आहे. आपल्या बांधलेल्या नायिकेचा स्वतःचा हेतू काय होता, हे आपल्याला आठवते का?

बंदरवाला (उलवे) :
मी न्हावा-शेवा बंदरात कंटेनर हाताळणीच्या कामावर आहे, त्यामुळे माझे उदाहरण थोडे पक्षपाती वाटल्यास क्षमस्व. ‘एलियन्स’ (१९८६) या अंतराळातल्या साहसपटाच्या आरंभी नायिका रिप्लीचा यान चालवण्याचा परवाना निलंबित झालेला असतो आणि ती मालधक्क्यावर लोडर, म्हणजे माल उचलणारे यंत्र, चालवून पोट भरत असते. पुढे लष्करी तुकडीबरोबर निघाल्यावर, आपला काही उपयोग नाही हे जाणवून ती जवानांना विचारते की मी काही करू का, आणि तो अवजड लोडर सराईतपणे चालवून दाखवते. परग्रहावरील प्राण्याशी होणाऱ्या शेवटच्या झुंजीत ती त्याच यंत्रात शिरून उभी राहते तेव्हा आम्हा बंदरातल्या लोकांना ते चमत्कारासारखे वाटत नाही, कारण तिचा हात त्या कामावर बसलेला आहे हे आम्ही आधीच पाहिलेले असते. (पाठीमागचा माणूस न बघता यंत्र फिरवणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत; त्या झुंजीला मात्र सूट.) या भूमिकेसाठी सिगर्नी वीव्हरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले होते.

त्याच रिप्लीच्या पहिल्या, १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटात तर शस्त्र हाती येण्याच्या कितीतरी आधी तिचा कणखरपणा दिसतो. कप्तान जखमी सहकाऱ्याला घेऊन दाराशी उभा असतो आणि ती विलगीकरणाचा नियम सांगून दार उघडण्यास नकार देते. दुसराच कोणीतरी ते दार उघडतो, आणि पुढचा सारा अनर्थ तिथून सुरू होतो. सगळ्यांच्या रोषाला पात्र ठरणारा निर्णय एकटीने घेणे हे मला वीस गुंडांपेक्षा अवघड वाटते.

शेवटचीरांग (वाशी) :
वरील दोन्ही मते मान्य करूनही एक शंका मांडतो. नायिकेला कोणी मदत केली की ती कमी पडली, असा निष्कर्ष आपण काढू लागलो तर नायकांचे काय होईल? त्यांना तर पदोपदी कोणीतरी दोर फेकून वाचवत असते. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (२०१५) अंधारात नायक मॅक्सचा नेम चुकतो, तेव्हा तो बंदूक नायिका फ्युरिओसाच्या हाती देतो आणि तिला टेकायला स्वतःचा खांदा पुढे करतो. यात कोणीच कोणाला सोडवलेले नाही. काम ज्याला चांगले येते त्याने ते केले. आपल्या चित्रपटाची खोट नायक आला ही नसून, तिला आधी येत असलेले सर्व काही पटकथेने ऐन वेळी तिच्याकडून काढून घेतले, ही आहे. गाठीविषयीचा आपल्या मुलीचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवतो.

येऊरवाट (ठाणे) :
सर्वांचे आभार. नादियाच्या हेतूविषयीचा प्रश्न मी समितीपुढे ठेवला, तेव्हा मागच्या चित्रपटातली नायिका त्या गुंडांच्या मागे का लागली होती हे कोणालाच सांगता आले नाही, आणि वाद बराचसा तिथेच थंडावला. पहिला ‘एलियन’ लहान मुलांसाठी फार भीतिदायक आहे, म्हणून तो मोठ्यांसाठी रात्री साडेनऊला ठेवला आहे. मुलांना दुपारी ‘हंटरवाली’ किंवा ‘मिस फ्रंटियर मेल’ दाखवावा असा विचार आहे. त्यांची पाहण्याजोगी प्रत कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.