बाळाच्या कानात फ्रेंच नाव सांगायचंय, उच्चार शिकवा

नौपाड्याची आत्या (ठाणे)

माझा धाकटा भाऊ फ्रान्सला नांतमध्ये असतो. भावजय फ्रेंच, माहेर आंझे शहराजवळच्या खेड्यात. जुनं कॅथलिक घराणं, आडनावाआधी सरदारी घराण्यांसारखा ‘द’ आहे. दिवाळीच्या सुमारास बाळ येईल. मुलगा की मुलगी हे त्यांनी डॉक्टरांना विचारलेलं नाही. नाव तिच्या माहेरच्या जुन्या नावांतलं आणि बारसं ठाण्यात, असं ठरलंय. पौष लागायच्या आत, मार्गशीर्षातच उरकायचं. तिचे आईवडीलही येणार आहेत.

कानात नाव मी सांगणार, आत्या म्हणून तो माझा मान. पाठीत धपाटे खायला तयार आहे, पण नाव चुकीचं सांगायला तयार नाही. घरातले म्हणतात, ‘तिकडचं नाव आहे, जमेल तसं म्हण.’ मला ते पटत नाही. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे, तो भावजयीने लग्नाआधी बसून शिकून घेतला. मग मी का नाही शिकायचं?

यादी इंग्रजीसारखी वाचली तर मला अशी दिसते. मुली: क्विटेरी, डोमिटिल, हर्माइन, क्लोटिल्ड. मुलगे: एन्ग्युरँड, फोल्क्स, गिस्लेन, कोमे, जेफ्रॉय, थिबॉल्ट. भाऊ म्हणतो ऐकून शीक, पण मला लिहिलेलं दिसल्याशिवाय डोक्यात बसत नाही. ही नावं आली कुठून, हेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

वाशीच्या फ्रेंच बाई

ताई, अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. असा प्रश्न कुणी विचारला की फार आनंद होतो.

आधी ट, ड आणि थ विसरा. फ्रेंच त-द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात. क, त, प म्हणताना हवेचा झोतही सोडत नाहीत, अगदी आपल्यासारखंच. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं, आपल्याला ते आईच्या भाषेतच मिळालंय. म्हणून क्लोतिल्द, दोमितील, तिबो. तिबोमध्ये ‘टी-एच’चा त होतो, ‘ए-यू’चा ओ होतो आणि शेवटचे एल-टी बोलायचेच नाहीत.

सुरुवातीचा एच मुका, म्हणून एर्मीन. ‘क्यू-यू’ म्हणजे नुसता क, म्हणून कित्री. ही नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गास्कोनीकडची संत, एर-स्युर-लादूर या गावात तिच्या नावाचं चर्च आहे. दोमितीलच्या शेवटी ल स्पष्ट म्हणायचा. कामीय या नावाचा शेवट लिहिताना हुबेहूब तसाच, तरी तिथे य होतो. त्याला नियम नाही, नावागणिक लक्षात ठेवायचं.

आता मुलगे. यादीतली दोन नावं तर थेट तुमच्या भावजयीच्या माहेरची आहेत. तो सगळा भाग म्हणजे जुना आंझू प्रांत, आणि फुल्क हे आंझूच्या काउंट घराण्याचं पिढीजात नाव. स्पेलिंग लांबलचक असलं तरी म्हणायचं एवढंच, फुल्क. त्यांच्यातला पाचवा फुल्क 1131 साली जेरुसलेमचा राजा झाला. त्याचा मुलगा झोफ्र्वा (तुमच्या यादीतलं जेफ्रॉय, शेवटच्या ‘ओ-वाय’चा वा होतो), आणि त्या झोफ्र्वाचा मुलगा इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री. तिच्या वडिलांना ही नावं यादीत का हवीत, ते यावरून कळेल. घराणं त्या काउंटांचं असो वा नसो, माती तीच आहे.

आंगेराँ हे उत्तरेकडचं, कूसीच्या सरदारांचं नाव. त्यातला ‘यू’ फक्त ग कडक ठेवण्यासाठी आहे आणि शेवटचा डी मुका. तिसऱ्या आंगेराँने तेराव्या शतकात कूसीला प्रचंड किल्ला बांधला, तो 1917 मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना सुरुंग लावून उडवला. कोम म्हणजे संत कॉस्मस. तो आणि त्याचा जुळा भाऊ दामियॅं हे वैद्य आणि शल्यचिकित्सकांचे संत.

सर्वांत जास्त काळजी गिस्लेनची घ्या. मुलाचं नाव गिलॅं, त्यातला एस मुका आणि शेवट नाकातून. शेवटी न स्पष्ट वाजला की ते गिलेन होतं, आणि गिलेन हे मुलीचं नाव! काही घरांत झिस्लॅं म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत, त्यांच्या घरात काय म्हणतात ते विचारून घ्या.

हा झ ‘झाड’मधलाही नाही आणि ‘झेंडा’मधलाही नाही. श म्हणता म्हणता घशातून आवाज काढा, तो बरोबर येतो. र पडजिभेपाशी होतो, उर्दू ग़च्या आसपास. नाही जमला तर आपला र खुशाल म्हणा. तिकडच्या खेड्यांतही जिभेचा र बराच काळ टिकून होता, कुणाला खटकणार नाही.

ऐरोलीकर

माझ्या मुलाचा जन्म लियॉंचा. तिथे जन्मानंतर 5 दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते, पूर्वी मुदत 3 दिवसांची होती. म्हणजे तुमच्या बारशाच्या कितीतरी आधी नाव कागदावर गेलेलं असेल. म्हणून भाऊ-भावजयीशी जे बोलायचं ते आत्ताच बोला.

तिथे एकापेक्षा जास्त नावं नोंदवता येतात. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले द गॉल यांचं पूर्ण नाव शार्ल आंद्रे झोझेफ मारी. हो, मारी. जुन्या कॅथलिक घरांत मेरीमातेचं नाव मुलग्यांनाही देतात, मागे जोडून. आजी-आजोबांची, धर्मपित्याची नावंही अशीच मागे लागतात. या ओळीत एक मराठी नाव सहज बसेल. आणि जन्मदाखल्यावर नोंदलेल्यांपैकी कुठलंही नाव रोजच्या वापरासाठी निवडायची मुभा तिथल्या नागरी संहितेच्या कलम 57 मध्येच आहे. आमच्या मुलाचं मराठी नाव दुसरं आहे, तरी शाळेपासून सगळीकडे तेच चालतं.

नावं एवढी जुनी का, त्याबद्दल थोडं. 1803 च्या कायद्याने तिथे फक्त पंचांगातली, म्हणजे संतांच्या दिनदर्शिकेतली, आणि प्राचीन इतिहासातली नावं चालायची. 1966 मध्ये ते सैल झालं आणि 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने आईबापांना मोकळीक मिळाली. तेव्हापासून लोक हवी ती नावं ठेवतात. अशा वेळी फुल्क किंवा कित्री ठेवणारं घर आपण कुठले ते न बोलता सांगत असतं. मला त्यात वावगं वाटत नाही. आपणही पणजोबांचं नाव पणतवाला ठेवतोच.

कळव्याचा मालवणी

फक्त नाकातल्या स्वरांबद्दल. आंगेराँ, गिलॅं म्हणताना जीभ टाळूला लावायची नाही. लागली की न आलाच. कोकणीतलं ‘हांव’ किंवा हिंदीतलं ‘हाँ’ म्हणून बघा, तोच मार्ग. पूर्वी आपण ‘नांव’, ‘कांहीं’ असं लिहायचो, त्यातला अनुस्वार असाच होता. घरात कुणी कोकणातली आजी असेल तर तिला म्हणायला लावा, पटकन जमेल.

नौपाड्याची आत्या (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावजयीशी बोलले. त्यांच्याकडे गिलॅं म्हणतात. मी म्हणून दाखवलं तेव्हा तिने एकदाही दुरुस्त केलं नाही. आंगेराँला मात्र हसली, माझा न डोकावतोय. मराठी नाव दुसरं ठेवायचं तिलाही फार आवडलं, माझ्या आईचं नाव घ्यायचं म्हणाली. मुलगी झाली तर कित्री नाहीतर एर्मीन, मुलगा झाला तर बहुतेक फुल्क.

बाई, शेवटचं एक विचारते. कुर्रर्र झाल्यावर कानात सगळी नावं सांगायची की पहिलंच?

वाशीच्या फ्रेंच बाई

फ्रेंच रिवाजात याचं उत्तर नाही, ते तुमच्या घरचं. मी असते तर पहिलं आणि तुमच्या आईचं, दोन्ही सांगितली असती. नमुना म्हणून भावजयीच्या आईचा आवाज फोनवर मागवून घ्या, भावाचा नको. आणि तीन-चार वेगवेगळ्या वाक्यांत मागवा, कारण सुटं नाव म्हणताना माणसं सावकाश, फोड करून म्हणतात. कित्री ठरलं तर मधला स्वर पूर्ण गिळायचा आणि शेवटची री किंचित लांबवायची. फुल्क ठरलं तर शेवटचा क पुरता म्हणा, पण त्याला अ चिकटू देऊ नका. मराठी तोंडाला तेवढी एकच अडचण येईल.