निळ्या नक्षीच्या कपबशा: पोर्सिलेन की नुसती चिनी माती?

फडताळ (मालवण)
जुन्या घरात निळ्या नक्षीचे सहा कप, पाच बश्या आणि एक किटली आहे. वाकलेलं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. तळाशी फक्त ‘इंग्लंड’ असा छाप. किटलीवर केसासारख्या तपकिरी रेषा आहेत, पावसाळ्यात कुबट वास येतो. माल किती जुना? पोर्सिलेन आहे का? डाग जातील? पितळेसारखं आमसुलाने घासू का?

कौलारू (रत्नागिरी)
आमसूल, चिंच, लिंबू काही लावू नका. कारण खाली येईलच.

नक्षी ‘विलो’, त्या वाकलेल्या झाडाच्या नावावरून. दिसायला चिनी, पण घडवली इंग्लंडने. चीनहून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरची दृश्यं जुळवून तिथल्या कारखान्यांनी १७९० च्या सुमारास ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली. पळून जाणाऱ्या प्रेमिकांची गोष्ट विक्रीसाठी मागाहून चिकटवलेली. रंग निळाच का? कोबाल्ट (निळा रंग देणारा धातू) झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली, भट्टीची आच सोसतो म्हणून.

काठाची पट्टी नीट न्याहाळा. त्या पत्र्यावरून पातळ कागदावर घेतलेला छाप कापून भांड्यावर हाताने चिकटवत, त्यामुळे एखाद्या ठिकाणी नक्षीचे तुकडे जुळत नाहीत. तो जोड सापडला तर छाप जुन्या पद्धतीचा.

अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचं नाव लागू लागलं, म्हणजे तुमचा संच बहुधा त्यानंतरचा. ‘मेड इन इंग्लंड’ असतं तर विसाव्या शतकातला धरला असता.

खापरी (वेंगुर्ला)
आपण सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, घोळ तिथेच. अंधारात कपाच्या बाहेर टॉर्च धरा, टॉर्च आणि कप यांच्यामध्ये बोट ठेवा आणि कपाच्या आतून बघा. बोटाची सावली दिसली तर पोर्सिलेन (कडक आचेवर भाजलेली, पाणी न शोषणारी पांढरी माती) किंवा बोन चायना (यात साधारण निम्मी हाडांची राख). उजेड अडला तर अर्दनवेअर, म्हणजे कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती. विलो बहुतेक त्यातच आला. तळाच्या बिनझिलईच्या कड्यावर पाण्याचा थेंब ठेवा; जिरला तर भांडं सच्छिद्र.

तुमच्या रेषा बघता किटली अर्दनवेअरच वाटते. ती माती हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते, वरची झिलई तेवढी ताणत नाही, मग तडकते. चहा त्यातून आत मुरतो. कोकणात हे जरा लवकर होतं, एवढंच. बोन चायना पाणी पीत नाही म्हणून सहसा अशी तडकत नाही.

कौलारू
आता डाग. सोनेरी रेघ किंवा झिलईवरचा रंग असेल तर इथेच थांबा.

किटली दोन दिवस डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर नवे डाग पडतात. मग मेडिकलमधलं ३ ते ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसात भिजवून रेषांवर ठेवा, वरून प्लास्टिक गुंडाळा, २४ तास. हातमोजे घाला. दोन-तीनदा लागेल. नंतर पुन्हा पाण्यात, आणि सावलीत आठवडाभर वाळू द्या. ओव्हन नको, ऊन नको. कपडे धुण्याचं ब्लीच तर मुळीच नको: त्याचे क्षार आत राहतात, सुकताना स्फटिक होतात आणि झिलईच्या पापड्या उडवतात.

आमसुलाचं कारण: जुन्या झिलईत शिसं असतं, आंबटात ते सुटतं. म्हणून कोकम सरबत या कपांत नाही. तडकलेल्या किटलीत चहाही नको, ती कपाटातच बरी.

खापरी
ठेवताना वर्तमानपत्र नको, शाई आणि बुरशी दोन्ही लागतात. बश्यांमध्ये सुती कापड घाला. कप कानाला लटकवू नका, जोड तिथेच सुटतो.