लॉराची गोष्ट आणि आमची मुलं : तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना कॉफी दळायचं जुनं हातयंत्र सापडलं आणि चार वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवला. आम्ही मिनेसोटात असतो. लेक तेव्हा आठ वर्षांची. बर्फामुळे शाळा बंद, म्हणून अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरचं, स्वतःच्या बालपणावरचं 'द लाँग विंटर' रात्री एकेक प्रकरण वाचायला घेतलं. 1880-81 चा हिवाळा, डाकोटातलं डी स्मेट गाव. ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ. पुढे आगगाडी बंद पडते, ती मे महिन्यापर्यंत येत नाही. कोळसा संपला की गवताला पीळ देऊन त्याच्या कांड्या जाळायच्या, पीठ संपलं की गहू कॉफीच्या यंत्रात दळायचे.

लेक म्हणाली, आपणही दळू. वाटीभर गहू घेतले. दोघींच्या हाताला रग लागली आणि पीठ निघालं जेमतेम दोन पोळ्यांचं, तेही भरड. मध्येच थांबून तिने विचारलं, "आणि हे झालं की त्यांना लगेच उद्याचं दळायचं?" हो. लॉराची दृष्टी गेलेली बहीण मेरीसुद्धा त्यात हात लावते. त्या रात्री पोळीचा एक तुकडाही पानात राहिला नाही. नुसती सनावळी सांगून हे तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

तुम्ही कसं केलंत?

रानजाई
आम्ही लोणी काढलं! बरणीत क्रीम घालून आळीपाळीने हलवत बसायचं. लॉराच्या पहिल्या पुस्तकात हिवाळ्यातलं लोणी पांढरट दिसतं म्हणून तिची आई गाजर किसून दुधात उकळते आणि तो रंग सायीत घालते, तेही केलं. सासूबाई आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रवी नाही का घरात?" मग चूल, जातं, आडाचं पाणी, सगळं निघालं. लेकाने विचारलं, "आजी, तू पण पायोनियर, म्हणजे नव्या मुलखात जाऊन वसणारी होतीस?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा, आम्ही तिथलेच."

पावशेर
गाजराचं माहीत नव्हतं. आज मुलीला दाखवते.

काटोलकर
टोळधाडीचं प्रकरण वाचलं की नाही कोणी? लॉराच्याच 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक'मधलं. पिकलेला गहू डोळ्यांदेखत जातो. 2020 च्या मे महिन्यात आमच्याकडे विदर्भात टोळ आले तेव्हा आई शेतात ताट बडवत उभी होती, संत्र्याच्या बागेची काळजी. भाच्याला ते पान वाचून दाखवलं तर म्हणतो, मामा, हे आपलंच आहे. तिकडची ती रॉकी माउंटन टोळाची जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नामशेष झाली, हे सांगितल्यावर त्याला खरं वाटेना.

शाईची_बाटली
@रानजाई, सासूबाईंचं "आम्ही तिथलेच" वाचून पोळी तव्यावर करपली. मी हीच पुस्तकं मुलांच्या वाचनगटात घेते आणि दरवेळी तिथेच थांबते. अमेरिकेच्या 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळायची, पाच वर्षं राहून ती कसून दाखवायची, हे मुलांना फार आवडतं. पण लॉराच्या 'लिटिल हाउस ऑन द प्रेअरी'मधलं कॅन्ससचं घर ओसेज या मूळनिवासी लोकांच्या राखीव जमिनीवर होतं. इंगल्स कुटुंबाला तिथे बसायचा हक्कच नव्हता. 1935 च्या आवृत्तीत तर तिथे 'माणसं' नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तिथले मूळनिवासी) होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. 1950 च्या दशकात ते बदलून 'वसाहतवाले' केलं. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग ओसेज कोण होते?" पुढचा तास त्यावरच गेला.

आता मी जोडीला लुईझ एर्ड्रिकचं 'द बर्चबार्क हाउस' घेते. 1847, सुपीरियर सरोवरातलं बेट, ओमाकायस ही ओजिब्वे या मूळनिवासी जमातीतली मुलगी. लॉरासारखी तिच्याही घरी साखर मेपल झाडाच्या रसाचीच. देवीच्या साथीचं प्रकरण मात्र मोठ्याने वाचताना माझा आवाज जातो.

रानजाई
@शाईची_बाटली हे मी मुलाला सांगितलंच नव्हतं. लायब्ररीत नाव टाकलं.

दूरदेशी
मेपलवरून आठवलं, लेकाला सुट्टीत कोल्हापूरला गुऱ्हाळावर नेलं होतं. काकवी चाखून म्हणाला, लॉराने बर्फावर ओतलेली ती हीच.

पावशेर
काकवी पुण्यात चांगली कुठे मिळते?

काटोलकर
मला आवडतो तो 'लाँग विंटर'मधला बटणाचा दिवा. रॉकेल संपतं तेव्हा लॉराची आई बटणाला चिंधी बांधते, त्याची वात करते आणि बशीत चाकाचं वंगण घालून पेटवते. भाच्याने खोबरेल तेलात करून पाहिलं. जळाला!

दूरदेशी
चिंधी सुती हवी ना?

काटोलकर
हो, सुतीच. आणि वरचं टोक सरळ उभं राहिलं पाहिजे, पडलं की विझतं.