कमी पळालेली डिझेल गाडी म्हणजे चांगलीच असं नाही

असा एक सल्ला दिला जातो की जुनी गाडी घेताना आधी किलोमीटर बघा, कमी पळालेली असेल तर डोळे झाकून घ्या. पेट्रोलच्या बाबतीत बऱ्याच अंशी पटतं. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (म्हणजे प्रदूषणाचे नवे, कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांना हा नियम लावू नका, कळकळीने सांगतोय. यातल्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जळायला गाडी एका लयीत, चांगल्या वेगात थोडा वेळ पळावी लागते. नाशिकमध्ये गंगापूर रोड ते सातपूर एमआयडीसी एवढंच रोज जाणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही.

माझ्या मेहुण्यांनी अशीच एका मालकाची, शोरूमसारखी चकचकीत गाडी घेतली. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा, मग पिकअप गेला, शेवटी डीपीएफ बदलावा लागला. खर्चाचा आकडा ऐकून घरात कोणी दोन दिवस धड बोललं नाही. आमच्या मेकॅनिकने नंतर डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून दाखवली: ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास. काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल, ते काम अर्धवट राहिलं की, ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक बघायला पैसे लागत नाहीत. शिवाय मेकॅनिककडून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून डीपीएफमध्ये काजळी किती भरलीय ते बघा, आणि ट्रायल शहरातल्या कॉलेज रोडला नको, मुंबई-आग्रा हायवेने इगतपुरीपर्यंत घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर टोकन देऊ नका.